पेटी एकटी बाळ वाचवत नाही



मागच्या वर्षावासात सफाळ्याच्या एका वस्तीत ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही बायांची आरोग्याची बैठक घेतली. गरोदरपण, रक्त वाढवण्याच्या गोळ्या, लसीकरण असे नेहमीचे विषय झाले. एक आजी शेवटपर्यंत गप्प बसून होत्या. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "सिस्टर, माझा नातू सहा दिवस पेटीत होता. तरी गेला. पेटी बिघडलेली होती का?"

त्यांची सून आठव्या महिन्यात बाळंत झाली होती. बाळ जन्मल्यापासून कण्हत होतं, छाती आत ओढत होतं. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं नेलं आणि शेवटी पेटीत ठेवलं. घरच्यांना एवढंच कळलं होतं. पेटीत गेलं म्हणजे मोठा उपचार चालू झाला, असं समजून सगळे बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

आजीबाईंच्या प्रश्नावर मी आजपर्यंत विचार करते आहे. आपल्या वस्त्यांमध्ये 'पेटी' हा एकच शब्द सगळ्या उपचारांसाठी वापरला जातो. पण पेटी, म्हणजे वॉर्मर किंवा इन्क्युबेटर, बाळाला फक्त ऊब देते. ऊब फार गरजेची आहे, गार पडलेलं बाळ श्वास घ्यायलाही थकतं. पण पेटी फुप्फुस उघडत नाही. त्यासाठी तीन-चार वेगळे उपचार ठराविक क्रमाने आणि ठराविक वेळेत एकमेकांना जोडून द्यावे लागतात, आणि त्यातला पहिला तर बाळ जन्मण्याआधी आईला द्यायचा असतो. ही साखळी आपल्या माणसांना माहीत असली पाहिजे आणि सरकारने ती आपल्या जिल्ह्यात पुरी केली पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी फुप्फुसाचं काय होतं ते समजून घेऊ. फुप्फुसात हवेचे अगदी बारीक लाखो फुगे असतात. श्वास सोडला की ते लहान होतात, घेतला की फुगतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू कशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे हे फुगे चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतून साबणासारखा एक पातळ थर असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. पोटातल्या बाळात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा असतो. चिकटलेला फुगा उघडायचा, तो परत चिकटतो, परत उघडायचा. काही तासांत बाळ दमतं. या ओढाताणीत फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे पाणी झिरपतं आणि श्वास आणखी अवघड होतो. दिवस भरलेल्या बाळालाही अशी इजा होऊ शकते. पोटात शी करून ती श्वासात ओढली गेली, किंवा जंतुसंसर्ग झाला, तर असलेला थरही निकामी होतो.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. पाच-साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन दोन किलोच्या थोडं वर. असं बाळ आज कुठल्याही बऱ्या नवजात कक्षात वाचतं. पण ते बाळ दोन दिवसांत गेलं, याच आजाराने. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडे पैसा होता, डॉक्टर होते, पण उपचारच जगात नव्हता.

त्यानंतर उपचार एकेक करून आले. १९७१ मध्ये ग्रेगरी नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की बाळाच्या श्वासनळीत सतत हलका दाब ठेवला तर फुगे मिटत नाहीत. १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि होवी यांनी सिद्ध केलं की दिवस भरण्याआधी कळा लागलेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर पिकतं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी जनावराच्या फुप्फुसातून काढलेला तो थर बाळांच्या श्वासनळीत सोडून दाखवला. १९६३ मध्ये जे कोणाकडेच नव्हतं ते आज आहे. म्हणून आज पालघर जिल्ह्यात एखादं बाळ या आजाराने जातं, तेव्हा मी त्याला नशीब म्हणायला तयार नाही.

आता साखळी कशी चालते ते सांगते.

पहिली कडी आईची. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं द्यायची. ६ मिलिग्रॅमची एक, दर बारा तासांनी, अशी चार. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, पुढे पाठवायचं असेल तरी पहिला डोस देऊनच पाठवायचं, आणि तो ए.एन.एम. सिस्टरही देऊ शकते. हे इंजेक्शन अगदी स्वस्त आहे आणि कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं.

मग एवढं एक इंजेक्शन सगळीकडे वाटलं की झालं का? नाही. आणि हे आपल्याच भागात तपासलं गेलं आहे. सहा देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्यात भारतातून नागपूर आणि बेळगावचा भाग होता. गावपातळीवर इंजेक्शनाचा वापर वाढवला. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निकाल सगळ्यांना धक्का देणारा होता. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेले दिसले. किती आठवडे झाले ते नीट मोजलेलं नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच बाया पुढे दिवस भरूनच बाळंत झाल्या. आणि बाळ जन्मल्यावर पुढची काळजी घेणारं जवळ काही नव्हतं. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत दुसरा अभ्यास केला, त्यातही बेळगावचे डॉक्टर होते. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले आणि बाळाची नीट काळजी घेऊ शकणारी रुग्णालयंच निवडली. २०२० मध्ये निकाल आला. दर २५ आयांना इंजेक्शन दिलं तर एक बाळ जास्तीचं वाचलं. इंजेक्शन तेच. फरक होता तो आधीच्या मोजमापाचा आणि नंतरच्या काळजीचा. एकेका उपचाराचं वाटप करून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं.

दुसरी कडी जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटांची. बाळ पुसून कोरडं करणं, ऊब देणं, श्वास घेत नसेल तर पिशवी आणि मास्कने हवा देणं. इथे मोठं यंत्र लागत नाही, शिकलेला हात लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ३९ गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये ते जगासमोर मांडलं गेलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याची मुळं तिथे आहेत.

तिसरी कडी सी-पॅप. बाळाच्या नाकात दोन मऊ नळ्या, त्यातून ऊबदार ओलसर हवा आणि ऑक्सिजन. श्वास सोडण्याच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेलं. पाण्यात बुडबुडे येत राहतात आणि तेवढा दाब फुप्फुसात टिकतो. बाळ स्वतःच श्वास घेतं, फक्त फुगे मिटत नाहीत. घशात नळी घालावी लागत नाही. लवकर लावलं तर कितीतरी बाळांना व्हेंटिलेटर लागतच नाही.

चौथी कडी सर्फॅक्टंट. सी-पॅपवर असूनही बाळाला ऑक्सिजन जास्त लागत असेल, तर गाय किंवा डुकराच्या फुप्फुसातून तयार केलेलं हे औषध श्वासनळीत सोडतात. आता बारीक नळीने, बाळ सी-पॅपवरच असताना, ते देता येतं. पहिल्या काही तासांत दिलं तर जास्त उपयोग होतो, दोन दिवसांनी देऊन तेवढा होत नाही. एका बाटलीला हजारो रुपये लागतात. त्याच्या जोडीला कॅफिन देतात, म्हणजे लवकर जन्मलेलं बाळ श्वास घ्यायला विसरत नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर व्हेंटिलेटर. घरची माणसं म्हणतात, "डॉक्टर, थेट व्हेंटिलेटरलाच लावा." पण व्हेंटिलेटर जास्त दाबाने हवा ढकलतो आणि कोवळ्या फुप्फुसाला त्यानेच इजा होऊ शकते. म्हणून कमीत कमी दाब, कमीत कमी दिवस. काही बाळांमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, त्यांना नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासातून देतात. तो मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतच मिळतो आणि मोजक्याच बाळांना लागतो.

ऑक्सिजनचंही तसंच. लवकर जन्मलेल्या बाळाचं ऑक्सिजनचं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायचं असतं. सतत शंभरवर ठेवलं तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन बाळ आंधळं होऊ शकतं. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे. बाळ वाचलं या आनंदात ही तपासणी राहून जाते.

उपचार एकत्र करायचे म्हणजे आहे ते सगळं एकदम ओतायचं, असं नाही. सर्फॅक्टंटमध्येच स्टिरॉइड मिसळून दिलं तर फुप्फुसं आणखी चांगली राहतील, अशी मोठी आशा होती. ऑस्ट्रेलियातून झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०२४ मध्ये आला, फायदा दिसला नाही. कोणत्या बाळाला, केव्हा, किती, हे पाहणारं माणूस पाळणाघराच्या दाईसारखं शेजारी उभं असावं लागतं. ते माणूस बहुतेक वेळा सिस्टर असते.

मी स्वतः ही गोष्ट एका रुग्णालयात शिकले. नाव घेत नाही. जी.एन.एम. होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कक्षात नवं सी-पॅप मशीन आलं, उद्घाटन झालं, हार घातला. पंधरा दिवसांनी एक सव्वा किलोचं बाळ आलं. मशीन होतं, पण त्या मापाच्या नाकातल्या नळ्या संपल्या होत्या. मागणीपत्र साहेबांच्या टेबलावर होतं. रात्रपाळीत मी एकटी आणि बारा बाळं. मी त्या बाळाला ऑक्सिजनची टोपी लावली आणि रात्रभर इकडून तिकडे पळत राहिले. पहाटे त्याचा श्वास थांबला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'कमी वजन'. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असायला हवी, हा काही मनाला वाटेल तो आकडा नाही. नोकरी सोडून मी चळवळीत आले त्याला कारणं बरीच आहेत. त्यातलं एक हे.

यंत्र आणून ठेवलं आणि ते सांभाळलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्यात पाहिलं. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. ती वाचावीत म्हणूनच त्यांना तिथे ठेवलं होतं.

आता आपल्या भागाकडे या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. पण गंभीर बाळाला किंवा अडलेल्या बाईला आजही ठाणे, मुंबई, नाशिक नाहीतर थेट सिल्वासाला पाठवतात. सफाळं रेल्वेने विरारच्या पुढे दुसरंच स्टेशन. कामावर जाणाऱ्या माणसाला मुंबई जवळ वाटते. पण रात्री दोन वाजता, श्वास लागलेलं बाळ घेऊन, वरईच्या रस्त्याने हायवे गाठायचा आणि पुढे घोडबंदरच्या कोंडीत अडकायचं, तेव्हा ती किती लांब आहे ते कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई सिल्वासाला नेताना वाटेत गेली, पोटातलं बाळही गेलं. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. जिल्ह्यात तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून वीज देते, बोईसरचे कारखाने देशभर माल पाठवतात. इथल्या बाळाच्या श्वासासाठी मात्र जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

काही जण म्हणतील, "ताई, इतकी महागडी यंत्रं प्रत्येक गावात कशी ठेवणार?" बरोबर आहे. सफाळ्यात नायट्रिक ऑक्साइड ठेवा, असं मी म्हणतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डेक्सामेथासोन, पिशवी-मास्क आणि ते वापरता येणारी सिस्टर चोवीस तास असू द्या. पालघर आणि बोईसरच्या लोकांना तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी सी-पॅप, सर्फॅक्टंट आणि पुरेशा सिस्टर असलेला नवजात कक्ष असू द्या. आणि या दोघांच्या मध्ये बाळाला ऊब आणि ऑक्सिजन देत नेणारी गाडी असू द्या. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करून जागा आहे का विचारा. यातलं एकही जगावेगळं मागणं नाही.

हे दान मागणं तर नाहीच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. नंतर हा हक्क एक वर्षापर्यंतच्या बाळाला मिळाला. सर्फॅक्टंट बाहेरून आणा अशी चिठ्ठी हातात पडली तर या योजनेचं नाव घ्या आणि लेखी मागा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं हा संविधानाच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. तो माणूस रेल्वेतून पडलेला मजूर होता आणि त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. आपल्या लोकलच्या प्रवाशांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरात आपण काय करायचं? थोडंच, पण पक्कं.

सातव्याचं जगतं आणि आठव्याचं जगत नाही, ही म्हण विसरा. आठव्या महिन्यातल्या बाळाचं फुप्फुस सातव्यापेक्षा जास्त पिकलेलं असतं. ही म्हण ऐकून माणसं आठव्या महिन्याच्या बाळासाठी धावपळच करत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा. इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या कागदावरून ठरतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते, ती चुकवू नका. दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेलं, तर "बघू सकाळी" म्हणू नका. विचारा, "सिस्टर, बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन द्यायचं का?"

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त असतील, छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, नाकपुड्या फुगत असतील, ओठ-जीभ निळी पडत असेल, किंवा अंगावर ओढत नसेल, तर लगेच १०८ ला फोन करा. नेताना बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरा. आणि घरी आल्यावर धुरी देऊ नका. शेगडीवर ओवा टाकून कोंडलेल्या खोलीत धूर करण्याची आपली जुनी सवय नुकत्याच सावरलेल्या फुप्फुसाला फार जड जाते. बोईसरकडच्या घरांनी तर जास्त जपावं. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सगळ्यात वर होती.

बाळ गेलं की आपल्याकडे किसा गौतमीची गोष्ट सांगतात. ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातली मोहरी आण, असं तथागतांनी तिला सांगितलं. दुःखात ती गोष्ट फार आधार देते, मीही सांगते. पण तिचा उपयोग फाईल बंद करायला करू नये. मृत्यू कोणाला चुकत नाही, हे खरं. म्हणून टाळता येणारा मृत्यू टाळू नये, असं तथागत कुठेच म्हणाले नाहीत. आजारी पडून घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला त्यांनी स्वतःच्या हाताने धुतलं आणि इतर भिक्खूंना विचारलं की तुम्ही याची सेवा का केली नाही.

आणि आपल्या बाबासाहेबांना हे दुःख परकं नव्हतं. रमाईंनी आणि त्यांनी चार लेकरं गमावली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर ते उभे राहिले आणि आईच्या या काळाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असं त्यांनी बजावलं. स्वतःच्या घरातलं दुःख त्यांनी नशिबाच्या खात्यावर टाकलं नाही.

म्हणून माझं एक सांगणं आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. येत्या महिन्यात प्रत्येक विहारातून दोन बाया आणि एक शिकलेला तरुण तिथे जाऊ द्या. तीन प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. डेक्सामेथासोन आज शिल्लक आहे का? पिशवी-मास्क वापरता येणारी सिस्टर रात्री असते का? श्वास लागलेलं बाळ आलं तर ते कुठे पाठवता, आणि तिथे सी-पॅप चालू आहे का? उत्तरं विहाराच्या फळ्यावर लिहा.

आजीबाईंना मी त्या दिवशी शेवटी एवढंच म्हणाले, "आजी, पेटी बिघडलेली नसेलही. पण बाकीचं त्याला काय काय मिळालं, ते आपण विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठं माहीत होतं विचारायचं असतं ते." आता माहीत झालं आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.